पार्किन्सन्स आणि मेंदूवर चालणारी स्टेरॉइडं : घरात आधीच कोणती आहेत, ती कशी शोधायची, कशी सांभाळायची

पार्किन्सन्सवर 'न्यूरोस्टेरॉइड'ची, म्हणजे मेंदूवर चालणाऱ्या स्टेरॉइडची, गोळी मिळते का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकलेलं बरं : नाही. अॅलोप्रेग्नॅनोलोन, प्रेग्नेनोलोन, डीएचईए किंवा त्यांच्या धर्तीवर घडवलेलं कोणतंही औषध पार्किन्सन्सच्या उपचारासाठी मान्य झालेलं नाही. तरीही रुग्णाच्या घरच्यांनी हा विषय समजून घ्यावा असाच आहे. ही संप्रेरकं प्रत्येकाच्या शरीरात रोज बनतात, आणि त्यांत ढवळाढवळ करणारी औषधं अनेक घरांच्या औषधांच्या डब्यात आधीच पडलेली असतात : प्रोस्टेटची गोळी, पाळीच्या तक्रारीसाठीची कॅप्सूल, केस गळतात म्हणून घेतलेली गोळी, दम्यासाठी प्रेडनिसोलोन, खांद्यात दिलेलं इंजेक्शन. ती शोधणं, त्यांचा परिणाम पार्किन्सन्सच्या लक्षणांपासून वेगळा ओळखणं आणि डॉक्टरांपुढे नीट मांडणं, इतकंच इथे करायचं आहे.

मेंदूत नेमकं काय बनतं

१९८१ मध्ये फ्रान्समधले शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत डीएचईए-सल्फेट सापडलं. नवल ते सापडण्याचं नव्हतं. उंदरांच्या (मूत्रपिंडांवर असणाऱ्या) अधिवृक्क ग्रंथी आणि वृषणं काढून टाकल्यावरही ते मेंदूत टिकून राहिलं, हे नवल होतं. म्हणजे मेंदू ते स्वतः बनवत असावा. अशा मेंदूतच बनणाऱ्या स्टेरॉइडांना न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. बाहेरच्या ग्रंथीत बनून मेंदूवर चालणारीही आहेत, आणि रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच महत्त्वाची.

कच्चा माल कोलेस्टेरॉल. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात त्याचं प्रेग्नेनोलोन होतं. तिथून वाट फुटते. एका बाजूला प्रोजेस्टेरॉन, त्यावर ५-अल्फा-रिडक्टेज हे एन्झाइम चाललं की डायहायड्रोप्रोजेस्टेरॉन, आणि पुढच्या पायरीवर अॅलोप्रेग्नॅनोलोन. दुसऱ्या बाजूला डीएचईए, टेस्टोस्टेरॉन आणि, अॅरोमॅटेज नावाच्या एन्झाइममुळे, इस्ट्राडायॉल. या साखळीतलं ५-अल्फा-रिडक्टेज लक्षात ठेवा. प्रोस्टेटची आणि टक्कलाची गोळी नेमकी तिथेच बसते.

अॅलोप्रेग्नॅनोलोन गाबा-ए रिसेप्टरचं (चेतापेशीवरच्या, शांत होण्याचा संदेश घेणाऱ्या जागेचं) काम वाढवतं, म्हणजे चेतापेशींना शांत करतं. क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारं औषध याच रिसेप्टरवर, पण वेगळ्या जागी काम करतं. डीएचईए-सल्फेट आणि प्रेग्नेनोलोन-सल्फेट यांचा कल उलटा, पेशींना उत्तेजित करण्याकडे. म्हणून 'न्यूरोस्टेरॉइड वाढवा' हे वाक्यच अर्धवट आहे. कोणतं वाढवायचं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पार्किन्सन्समध्ये काय आढळलं? २००३ मध्ये इटलीतल्या संशोधकांना रुग्णांच्या रक्तात आणि मणक्यातल्या द्रवात अॅलोप्रेग्नॅनोलोनचं प्रमाण कमी दिसलं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने मृत्यूनंतरच्या मेंदूंचा अभ्यास केला, तेव्हा सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात, म्हणजे जिथल्या डोपामिन पेशी या आजारात मरतात तिथेच, ५-अल्फा-रिडक्टेज बनवणाऱ्या जनुकाचं काम मंदावलेलं आढळलं. पण ज्या पेशी मेल्या त्यांचं उत्पादन घटणारच. या घटीमुळे आजार झाला, असं त्यातून निघत नाही.

जाहिरात वाचताना हा एक विरोध ध्यानात ठेवा

प्राण्यांवरचे निकाल दोन उलट दिशांना जातात, आणि दोन्ही खरे आहेत.

एमपीटीपी हे विष देऊन उंदरांत पार्किन्सन्ससारखी अवस्था करतात. (या विषाचा शोध १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात लागला, घरगुती भट्टीतलं बनावट अमली द्रव्य टोचून घेतलेली तरुण मंडळी अचानक ताठरली तेव्हा.) अशा उंदरांना अॅलोप्रेग्नॅनोलोन दिल्यावर डोपामिन बनवणाऱ्या पेशींची संख्या आणि हालचाल सुधारल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅनडातल्या क्वेबेकच्या गटाने प्रोजेस्टेरॉनचा बचावात्मक परिणाम दाखवला. त्यांनीच माकडांत डीएचईए दिल्यावर लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, तोकडी मात्राही जास्त काम करते, असं दाखवलं. इथवर सगळं 'वाढवा'च्या बाजूने.

आता उलट बाजू. लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेतल्यावर अनेकांचे हातपाय आपोआप वळवळू लागतात, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. २०१९ मध्ये उंदरांवरच्याच अभ्यासात फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, म्हणजे अॅलोप्रेग्नॅनोलोन बनण्याची वाट अडवणारी औषधं दिल्यावर ही वळवळ कमी झाली. पार्किन्सन्सवरच्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधांमुळे जुगाराची ओढ लागलेल्या मोजक्या रुग्णांत फिनास्टेराइडने ती ओसरल्याची नोंदही २०१२ मधली आहे.

पेशी वाचवायच्या असतील तर वाढवा, डिस्कायनेशिया आवरायचा असेल तर अडवा, असा हा पेच आहे. शिवाय एमपीटीपीने उंदराच्या पेशी काही दिवसांत मरतात, माणसात हे काम वर्षानुवर्षं चाललेलं असतं आणि थरथर दिसेपर्यंत बराच भाग गेलेला असतो. 'प्रयोगात सिद्ध' अशी ओळ दिसली की तीन गोष्टी शोधा : प्राणी कोणता, औषध विषाच्या आधी दिलं की नंतर, आणि मोजलं काय. विषाच्या आधी दिलेलं औषध माणसाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी माहिती आहे, कारण माणूस निदान झाल्यावरच दवाखान्यात येतो.

माणसांवरचे प्रयोग छोटे आहेत आणि निकाल बेताचे. रजोनिवृत्ती झालेल्या २३ स्त्रियांना ८ आठवडे रोज ०.६२५ मिग्रॅ इस्ट्रोजेन किंवा खोटी गोळी देऊन केलेला अमेरिकेतला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला : औषध सोसवलं, सुधारणेकडे कल दिसला, ठाम काही नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ३० पुरुषांना ८ आठवडे दर पंधरवड्याला इंजेक्शन दिलं (२००६), पण खोट्या इंजेक्शनपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. मेंदूतल्या एका नैसर्गिक ऑक्सिस्टेरॉलच्या धर्तीवर घडवलेलं सेज-७१८ हे औषध पार्किन्सन्समधल्या सौम्य विस्मरणावर तपासलं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा निकाल नकारार्थी आला.

पहिलं काम : औषधांचा डबा टेबलावर रिकामा करा

प्रिस्क्रिप्शनची फाइल पुरत नाही. गोळ्यांची पाकिटं, मलमांच्या ट्यूब, दम्याचे पंप, चूर्णाच्या पुड्या, मुलाने परदेशातून आणलेल्या सप्लिमेंटच्या बाटल्या, सगळं एकत्र करा. प्रत्येक पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचा. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की वाचता येतो. मागच्या सहा महिन्यांत घेतलेली इंजेक्शनंही लिहा, सांध्यातली आणि मणक्यातलीसुद्धा.

हे घटक सापडले तर वेगळ्या कागदावर मात्रा आणि सुरू केल्याची तारीख घालून नोंदवा : फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड, प्रोजेस्टेरॉन, इस्ट्राडायॉल किंवा कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन, गर्भनिरोधक गोळ्या, टेस्टोस्टेरॉन, डीएचईए, प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, लेट्रोझोल, टॅमॉक्सिफेन. शेवटची दोन स्तनाच्या कर्करोगावर दिली जातात आणि तीही इस्ट्रोजेनच्या वाटेत येतात. यातलं काहीही सापडलं म्हणून परस्पर बंद करायचं नाही. कर्करोगाची गोळी तर मुळीच नाही.

प्रोस्टेटची गोळी

साठीपुढच्या पुरुष रुग्णांत ही सर्रास असते, आणि बहुधा दोन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये असतात. युरिमॅक्स-डी किंवा व्हेल्टम प्लसमध्ये टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ, युरिमॅक्स-एफमध्ये टॅम्सुलोसिन आणि फिनास्टेराइड ५ मिग्रॅ. फिनास्टेराइड ५-अल्फा-रिडक्टेजचा मुख्यतः दुसरा प्रकार अडवतं, ड्युटास्टेराइड दोन्ही. मेंदूत पहिला प्रकार जास्त, म्हणून दोघांना एकच समजू नये. फिनास्टेराइड रक्तातून काही तासांत उतरतं, ड्युटास्टेराइडचं अर्धआयुष्य सुमारे पाच आठवडे. त्यामुळे ड्युटास्टेराइड थांबवून 'आठवड्यात काही फरक पडला नाही' असा निष्कर्ष काढणं चूक.

लक्ष दोन गोष्टींवर ठेवायचं. मन : या औषधांसोबत उदासीचा इशारा दिलेला असतो, आणि पार्किन्सन्समध्ये उदासी आधीच वारंवार असते. गोळी सुरू झाल्यापासून पुढच्या काही महिन्यांत रुग्ण गप्प झाला, खाणं-बोलणं कमी झालं, जगण्याबद्दल निरवानिरवीची भाषा आली, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. युरॉलॉजिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही त्याच दिवशी कळवा.

दुसरी गोष्ट रक्तदाब, आणि इथे दोष स्टेरॉइडच्या वाटेचा नसून टॅम्सुलोसिनचा असतो. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या. उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभं राहिल्यावरचं रक्तदाब पडणं. सकाळच्या लेव्होडोपानंतर तासाभराने एकदा आणि दुपारच्या जेवणानंतर एकदा घेतला तर खरं चित्र दिसतं. दवाखान्यात बसवून घेतलेल्या एका आकड्यात हे कधीच सापडत नाही. आणखी एक : फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने घेतल्यावर पीएसएचा (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा) आकडा साधारण निम्मा दिसतो. तो दिलासा नव्हे. लॅबच्या फॉर्मवर गोळीचं नाव लिहायला विसरू नका.

पाळी, रजोनिवृत्ती आणि शस्त्रक्रियेचे कागद

हा आजार म्हातारपणाचा असं धरल्यामुळे चाळिशीतल्या स्त्री रुग्णाला पाळीबद्दल कोणी विचारतच नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत औषधाचा असर कमी वाटतो, ऑफचा, म्हणजे औषधाचा असर ओसरून लक्षणं परतण्याचा, काळ लांबतो (असर चालू असतो तो ऑन), ही तक्रार लंडनच्या क्विन आणि मार्सडेन या न्यूरॉलॉजिस्टांनी १९८६ मध्येच नोंदवली होती. त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन, अॅलोप्रेग्नॅनोलोन आणि इस्ट्रोजेन तिन्ही झपाट्याने उतरतात. पण सगळा दोष मेंदूच्या माथी मारू नये. उतरण्याआधी चढलेलं प्रोजेस्टेरॉन आतड्याची हालचाल मंद करतं. बद्धकोष्ठ वाढला, पोट उशिरा रिकामं झालं, की लेव्होडोपा लहान आतड्यात उशिरा पोहोचतं. म्हणून डायरीत पोटाची नोंद हवीच.

डायरी अशी ठेवा. एका दिवसाला एक पान, अर्ध्या तासाचा एक असे ४८ चौकोन. प्रत्येकात पाचपैकी एक खूण : झोप, ऑफ, ऑन, ऑन पण वळवळ (त्रास नाही), ऑन पण त्रासदायक वळवळ. गोळी घेतल्याची खरी वेळ बाजूला, ठरलेली वेळ नव्हे. रोज ४८ चौकोन भरणं कुणालाच जमत नाही, आठवड्यात वही बंद पडते. म्हणून पूर्ण पान फक्त दोनदा : पाळी सुरू झाल्यापासून ८, ९, १० व्या दिवशी, आणि पाळीच्या आधीच्या तीन दिवसांत. बाकीच्या दिवशी एकच ओळ : ऑफचे एकूण तास, तोल गेला का, शौचाला झालं का, झोप किती. पाळी अनियमित असेल तर अपेक्षित तारखेच्या चार-पाच दिवस आधीपासून पूर्ण पान भरत राहा आणि पाळी आल्यावर उलटं मोजा. निदान दोन महिने, शक्यतो तीन. एका महिन्याची डायरी घेऊन गेलात तर डॉक्टर योगायोग म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

चुका नेहमी त्याच होतात. पान रात्री आठवून भरलं जातं. किंवा ऑफ हा औषध संपल्यामुळे की गोळी जेवणाबरोबर घेतल्यामुळे, हे कळत नाही. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. डाळ, पनीर, अंडी, मटण यांतली प्रथिनं शोषणात तिच्याशी स्पर्धा करतात. जास्त रक्तस्रावासाठी लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. पाळीच्या दिवसांत लोह सुरू होतं आणि ऑफ वाढतो, त्याचं कारण कधीकधी इतकंच असतं.

डायरीत नमुना स्पष्ट दिसला तर न्यूरॉलॉजिस्ट त्या दिवसांपुरती लेव्होडोपाची मात्रा किंवा वारंवारिता वाढवू शकतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मध्ये खंड न पाडता गर्भनिरोधक गोळी चालू ठेवण्याचा पर्यायही विचारात घेतात. पस्तिशीपुढे तंबाखू, दृष्टीत लकाकी दिसून होणारी अर्धशिशी किंवा पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर इस्ट्रोजेनची गोळी नको, हे मात्र आपणहून सांगा. मिश्री लावत असाल तर तीही तंबाखूच, तीही सांगा.

रजोनिवृत्तीतला गोंधळ घामाचा. तो कशाचा हे वेळेवरून कळतं. हॉट फ्लशमध्ये छाती-मानेतून वर चढणारी उष्णता, चेहरा लाल, काही मिनिटांत उतार, गोळीच्या वेळेशी संबंध नाही. ऑफचा घाम पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की येतो, सोबत ताठरपणा, आणि गोळी लागू पडली की थांबतो. तिसरा प्रकार त्रासदायक वळवळीबरोबरचा, तो औषध शिखरावर असताना. पहिल्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, बाकी दोन्हींसाठी न्यूरॉलॉजिस्ट. हॉट फ्लशसाठी व्हेनलाफॅक्सिन लिहून दिलं जातं. पार्किन्सन्ससाठी रासाजिलीन किंवा सेलेजिलीन चालू असेल तर ते फार्मसीतून घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, दोन्ही मिळून सेरोटोनिनचा धोकादायक अतिरेक होऊ शकतो. पार्किन्सन्ससाठी म्हणून इस्ट्रोजेन मागू नका. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी लागलंच तर इतर स्त्रियांना लावतात तेच निकष लागतात.

प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पडून हाड मोडायला ती कारण ठरू शकते. नैसर्गिक मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० किंवा २०० मिग्रॅ तोंडाने घेतलं की यकृतात त्याचा बराच भाग अॅलोप्रेग्नॅनोलोनमध्ये बदलतो. म्हणजे नकळत न्यूरोस्टेरॉइडचीच गुंगी आणणारी मात्रा पोटात जाते. तोल आधीच कच्चा, त्यात रात्री लघवीला दोनदा उठणं, त्यात झोपेतल्या हातवाऱ्यांसाठी क्लोनाझेपाम, आणि वर हे. कॅप्सूल लिहून देताना 'माझा तोल जातो' हे वाक्य स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा आणि योनीमार्गे घेण्याचा पर्याय विचारा, त्यात यकृताची पहिली फेरी टळते. तोंडानेच घ्यायची असेल तर अंथरुणात शिरताना, आधी नाही. पहिले काही दिवस पलंगाशेजारी बेडपॅन किंवा कमोड खुर्ची आणि रात्री मंद दिवा.

आणि शस्त्रक्रियेचे कागद. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००८ च्या अभ्यासात रजोनिवृत्तीआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे पार्किन्सनिझमचं प्रमाण जास्त आढळलं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचं वय जितकं कमी, तितकं ते जास्त. आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या लहान वयात झालेल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. 'पिशवी काढली' एवढंच बाईला माहीत असतं. डिस्चार्ज कार्डावर 'टीएएच' असेल तर पोटातून फक्त गर्भाशय काढलं आहे, 'बीएसओ' ही अक्षरं जोडलेली असतील तर दोन्ही अंडाशयंही. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत विचारून घ्या. शस्त्रक्रियेआधी ज्यांच्यापुढे हा निर्णय आहे त्यांनी 'अंडाशय काढायलाच हवेत का?' हा प्रश्न सहीच्या आधी विचारावा.

प्रेडनिसोलोन, खांद्याचं इंजेक्शन आणि सांधेदुखीच्या पुड्या

खांदा आखडणं ही पार्किन्सन्सची सुरुवातीची खूण असू शकते, त्यामुळे निदानाआधीच सांध्यात स्टेरॉइड टोचून घेतलेले रुग्ण भेटतात. एखादं इंजेक्शन सहसा सोसवतं. मधुमेही रुग्णाची साखर मात्र काही दिवस चढते, तेवढे दिवस घरच्या घरी तपासा.

तोंडाने घ्यायचा कोर्स असेल तर सकाळचं वेळापत्रक असं बसवा : साडेसहाला लेव्होडोपा, सव्वासातला नाश्ता, नाश्त्यावर लगेच प्रेडनिसोलोनची पूर्ण दिवसाची मात्रा (डॉक्टरांनी विभागून दिली नसेल तर). संध्याकाळी घेतली तर झोप उडते, आणि झोप उडालेल्या रुग्णाचा दुसरा दिवस ऑफमध्ये जातो. सकाळच्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर वाढते. उपाशीपोटीचा आकडा बरा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा.

कोर्स लांबला की मांड्यांचे स्नायू अशक्त होतात आणि खुर्चीतून उठणं अवघड जातं. हे पार्किन्सन्स वाढल्यासारखं दिसतं, मग लेव्होडोपा वाढवली जाते आणि फायदा काहीच होत नाही. ओळखायची रीत अशी : गोळी पूर्ण लागू असताना, म्हणजे बोटं आणि चाल मोकळी असताना, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगा. चाल मोकळी पण उठणं जमत नाही, तर स्टेरॉइडचा संशय घ्या.

स्टेरॉइडमुळे भास होऊ लागले आणि रुग्ण रात्री अस्वस्थ झाला तर कॅज्युअल्टीत हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जाण्याची शक्यता असते. ते डोपामिन अडवतं आणि रुग्ण पार आखडतो. उलटीसाठी पेरिनॉर्म (मेटोक्लोप्रामाइड) किंवा स्टेमेटिल (प्रोक्लोरपेराझिन) यांचंही तेच. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : 'पार्किन्सन्स. हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन देऊ नये.' तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं स्टेरॉइड एका दिवसात बंद करायचं नाही, अधिवृक्क ग्रंथी तोवर झोपलेल्या असतात. रक्तदाब कोसळणं, उलट्या, गुंगी असं होऊन जिवावर बेतू शकतं.

हेच संकट बेनामी पुड्यांमुळे येतं. सांधेदुखीच्या काही 'देशी' पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादूसारखा आराम, भूक वाढली, चेहरा गोल झाला, जरा लागलं की त्वचेखाली निळं पडतं, साखर चढली, असं दिसलं तर पुडी टाकून देऊ नका आणि तडकाफडकी थांबवूही नका. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा. सकाळी आठच्या कॉर्टिसोल (अधिवृक्क ग्रंथीचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासणीची गरज ते ठरवतील. या तपासणीत एक खोच आहे : प्रेडनिसोलोन अनेक यंत्रांना कॉर्टिसोलच वाटतं आणि आकडा खोटा वाढलेला येतो, तर डेक्सामेथासोन यंत्राला दिसत नाही पण शरीराचं कॉर्टिसोल दाबून टाकतं. पुडीची माहिती नसेल तर दोन्ही आकडे दिशाभूल करतात.

रक्ततपासणी करावी का

अॅलोप्रेग्नॅनोलोनची तपासणी पार्किन्सन्सच्या उपचारासाठी करू नका. रक्तात ते इतकं कमी असतं की नीट मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. साध्या पद्धतीत त्याच्यासारखी दिसणारी इतर स्टेरॉइडंही मोजली जातात. आणि आकडा मिळाला तरी त्यावरून कोणतंही औषध बदलत नाही. डीएचईए-सल्फेट कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होतं, पण रक्तातलं जवळजवळ सगळं अधिवृक्क ग्रंथीतून आलेलं असतं आणि ते मेंदूत सहज शिरत नाही. विशीनंतर ते उतरतच जातं, सत्तरीत तरुणपणाच्या दशांश-पंचमांशावर येतं. सत्तरीतल्या रुग्णाचा 'कमी' आकडा हा वयाचा आकडा असतो, कमतरतेचा नव्हे.

टेस्टोस्टेरॉन मात्र लक्षणं असतील तर तपासण्यासारखं : सकाळी सात ते दहा, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. थकवा, उदासी, कामेच्छा कमी होणं ही लक्षणं पार्किन्सन्सचीही असतात, म्हणून एका आकड्यावर इंजेक्शन सुरू करू नये.

केसांसाठी बायोटिनच्या ५ किंवा १० मिग्रॅच्या गोळ्या चालू असतील तर कोणत्याही संप्रेरक तपासणीआधी तीन दिवस थांबवा. अनेक यंत्रं बायोटिनवर चालणारं रसायन वापरतात. डीएचईए-सल्फेट आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त येतं, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी.

डीएचईए, प्रेग्नेनोलोन आणि चूर्णं

अमेरिकेत डीएचईए सप्लिमेंट म्हणून उघड मिळतं, नातेवाईक बॅगेत घालून आणतात. आपल्याकडे ते वंध्यत्वाच्या उपचारात, बहुधा २५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, वापरलं जातं. माकडांवरचा निकाल पाहून सुरू करू नका. त्याचं शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन होतं. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर ते नकोच. स्त्रियांत मुरुमं, चेहऱ्यावर केस येतात. अतिउत्साह आणि झोप उडणं दिसू शकतं, आणि डोपामिनची औषधं चालू असताना त्याचा उगम कोणता हे सांगणं कठीण होऊन बसतं.

अश्वगंधेतली विथॅनोलाइडं रचनेने स्टेरॉइडसारखी आहेत, म्हणून तिला 'नैसर्गिक न्यूरोस्टेरॉइड' म्हणून विकतात. ती तशी नाही. क्लोनाझेपामबरोबर सुस्ती वाढवू शकते, थायरॉइडचे आकडे बदलू शकते, यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. खाजकुहिलीचं, म्हणजे कवचबीजाचं प्रकरण वेगळं : त्यात खरोखरचं लेव्होडोपा असतं. सिंडोपा किंवा टायडोमेट या लेव्होडोपाच्याच गोळ्यांबरोबर चूर्ण घेत असाल तर दिवसाला किती चमचे, हे न्यूरॉलॉजिस्टला सांगितल्याशिवाय त्यांचा मात्रेचा हिशेब जुळणार नाही.

प्रयोगात भाग घ्यायचं आमंत्रण आलं तर

न्यूरोस्टेरॉइडांवरचे प्रयोग पुढेही होतील, आणि त्यांत भाग घेणं चांगलं काम आहे. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणं बंधनकारक आहे. 'सीटीआरआय'ने सुरू होणारा क्रमांक मागा, संकेतस्थळावर टाकून पाहा : औषध तेच आहे का, रुग्णालय यादीत आहे का, नैतिकता समितीची परवानगी दिसते का. क्रमांक नाही किंवा प्रयोगातल्या औषधाचे पैसे मागितले जात आहेत, तर तो प्रयोग नाही, विक्री आहे. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. गाबा-ए वर चालणारं औषध असेल तर गुंगी आणि पडणं याबद्दल वेगळं विचारा : अमेरिकेत प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी २०१९ मध्ये मान्य झालेलं ब्रेक्सॅनोलोन शिरेतून सलग ६० तास द्यावं लागायचं, आणि शुद्ध हरपण्याच्या धोक्यामुळे त्या काळात रुग्णावर सतत नजर ठेवणं सक्तीचं होतं. ज्याचा तोल मुळातच जातो, त्याच्यासाठी प्रयोगाच्या काळात घरी रात्री कोण असेल, हे सही करण्याआधी ठरवा.